दुखापतीनंतर शरीराची फेरउभारणी

बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरात वसलेले येळ्ळूर हे भातशेतीचे गाव. त्याची दुसरी ओळख कुस्तीची. येथील मैदानास सीमाभागातील आणि कोल्हापूर, सांगलीकडील मल्ल हजेरी लावतात आणि हलगी कडाडू लागली की आजूबाजूच्या गावांतील माणूस घरी थांबत नाही. मैदान आटोपल्यावर चर्चा होते ती विजयी मल्लाची. ज्याचा गुडघा लढतीत पिरगळला आणि ज्याला दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर न्यावे लागले, त्याचे पुढे काय झाले याची विचारपूस फार तर आठवडाभर चालते. वस्तुतः त्याची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. ही परीक्षा पाच-दहा मिनिटांत निकाली निघणारी नसून तिला नऊ महिने, वर्ष, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो.

दुखापत ही केवळ पैलवानाच्या वाट्याला येणारी गोष्ट नव्हे. दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला कारखान्यातील कामगार, ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला शेतकरी, सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करताना घोटा मोडून बसलेला तरुण, या सर्वांचा अनुभव थोड्याफार फरकाने सारखाच असतो. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे या भागातील अनेक कुटुंबांच्या आशा भरतीच्या मैदानाशी निगडित असतात. अशा घरातील मुलाचा पाय सहा महिने प्लास्टरमध्ये राहिला आणि वजन पंधरा किलोंनी वाढले, तर हुकते ती एक भरती नव्हे. वयोमर्यादेमुळे कित्येकदा पुढचा सारा मार्गच बंद होतो. म्हणून मोडलेले हाड जुळल्यावर उपचार संपले, ही समजूत तपासून पाहणे आवश्यक ठरते.

अंथरुणास खिळलेल्या शरीरात काय घडते, याचा एक अभ्यास वैद्यकशास्त्रात सुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डलास येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता, दुखापत नव्हती. केवळ हालचाल करण्यास मनाई होती. तीन आठवड्यांनंतर त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे ज्याला आपण बोलीत दम म्हणतो, ती चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे आढळले. याच पाच जणांची तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, पुन्हा तपासणी झाली. तेव्हा ते पन्नाशीत पोहोचले होते, त्यांचे सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तारुण्यातील त्या तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, तेवढी तीस वर्षांच्या वार्धक्याने केली नव्हती. या अभ्यासाची दुसरी बाजू मात्र अत्यंत आशादायक आहे. सुमारे सहा महिन्यांच्या क्रमाक्रमाने वाढवत नेलेल्या व्यायामाने या पन्नाशीतील माणसांनी तीस वर्षांत गमावलेला दम पुन्हा मिळविला.

दम जातो तसे बळही जाते. प्लास्टरमधील पायाची मांडी काही दिवसांतच सुकू लागते. येथे एक फसगत संभवते, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. स्नायू झिजून दोन किलो कमी झाले आणि तेवढ्याच काळात दोन किलो चरबी चढली, तर काटा पूर्वीचेच वजन दाखवतो आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. त्यामुळे अशा काळात केवळ वजनकाट्यावर विसंबणे योग्य नव्हे. शिंप्याकडे असते तशी साधी टेप घेऊन दर आठवड्यास बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर आणि गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतरावर दोन्ही मांड्यांचे घेर मोजून वहीत टिपून ठेवावेत. कमर वाढते आहे आणि दुखापतीच्या बाजूची मांडी घटते आहे, असे दिसल्यास काटा काहीही सांगो, शरीराची घसरण चालू आहे असे समजावे.

पैलवानाच्या बाबतीत या घसरणीस खुराकाची जोड मिळते. तालमीतील तरुण दिवसाला दोन लिटर म्हशीचे दूध, शंभर ग्रॅम तूप आणि शंभर ग्रॅम बदाम घेत असेल, तर एवढ्यातूनच त्याला सुमारे साडेतीन हजार कॅलरी मिळतात; भाकरी, भात आणि मांसाहार वेगळाच. पहाटेपासून जोर, बैठका आणि लढती करणारे शरीर हे सारे पचवते. तोच तरुण अंथरुणास खिळला की त्याची दिवसाची गरज, वजन ऐंशी किलो धरले तरी, बावीसशे कॅलरींच्या आसपास येते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा. खुराक आहे तसाच चालू राहिला तर आठवड्यास एक किलो वजन वाढणे यात नवल नाही, हे साध्या त्रैराशिकाने समजते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांना हे पटवून देणे त्रैराशिकापेक्षा कठीण असते. पोराचे हाड मोडले आहे, त्याच्या अंगात ताकद भरली पाहिजे, या मायेपोटी आजी तुपाची धार वाढवते आणि भेटीस येणारे पाहुणे बेळगावचा कुंदा घेऊन येतात. मायेला बोल लावण्याचे कारण नाही. कुंदा मात्र पाहुण्यांनीच संपवावा हे बरे.

याउलट, वजन वाढू लागल्याचे लक्षात येताच भीतीने एकदम उपाशी राहणे हीदेखील तितकीच गंभीर चूक होय. हाड जुळण्यास, जखम भरून येण्यास आणि शस्त्रक्रियेनंतर ऊती सांधण्यास शरीराला प्रथिनांची नेहमीपेक्षा अधिक गरज लागते. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. दुखापतीतून उठणाऱ्या व्यक्तीस तज्ज्ञ १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचवितात. कमी करावयाचे ते तूप, साखर, तळलेले पदार्थ आणि ताटातील भाताचा ढीग. दूध, अंडी, मासळी, डाळी, उसळी कमी करावयाच्या नाहीत. बेळगावची मसूर या कामी उत्तम. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरीत सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात आणि ती बदामाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम मिळते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. पहिल्या काही आठवड्यांत वजन उतरविण्याचा प्रयत्नच करू नये, ते वाढू न देणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे आहे. पुढे चालणे-फिरणे सुरू झाल्यावर आठवड्यास अर्धा किलो या वेगाने वजन उतरले तर स्नायूंची हानी टळते.

या संदर्भात तंबाखूचा उल्लेख अपरिहार्य आहे. निपाणी परिसराचे अर्थकारण दीर्घकाळ या पिकावर उभे राहिले, ही वस्तुस्थिती आहे. परंतु धूम्रपान करणाऱ्यांचे मोडलेले हाड जुळण्यास अधिक वेळ लागतो आणि काही वेळा ते जुळतच नाही, हेही तितकेच निर्विवाद आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाडापर्यंत पोहोचणारा रक्तपुरवठा घटतो. पाय प्लास्टरमध्ये असेपर्यंत तरी विडी आणि तंबाखूची चंची दूर ठेवणे हा बिनखर्चाचा उपचार आहे.

वजन उतरविण्यामागील खरे कारण सौंदर्याचे नसून यांत्रिक आहे. गुडघ्याचा विकार असलेल्या स्थूल व्यक्तींच्या चालण्याचा अभ्यास करता असे आढळले की शरीराचे वजन एक किलोने घटले, तर दर पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दहा किलो अनावश्यक वजन वागवणारा माणूस पावलोपावली आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर चाळीस किलोंचे जादा ओझे टाकत असतो. म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याचे वजन. दिवसभरात माणूस काही हजार पावले चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही गुडघा का सुजतो याचा उलगडा होतो.

दुखापतीने एखाद्या थोर मल्लाच्या कारकिर्दीस कशी कलाटणी मिळते, याचे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. कराडजवळील गोळेश्वरचे कै. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक प्राप्त करून दिले. पुढील, म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते गुडघ्याच्या दुखापतीमुळे मुकले. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया करण्याची सोय त्या काळी आपल्या देशात नव्हती, आणि शास्त्रशुद्ध भौतिकोपचारही सर्वसामान्य खेळाडूच्या आवाक्यात नव्हते. आज ही सोय बेळगावसारख्या शहरातही उपलब्ध आहे. त्यामुळे आजच्या मल्लाचा गुडघा खाशाबांच्या गुडघ्यापेक्षा भाग्यवान म्हटला पाहिजे. तो त्या भाग्याचे काय करतो हा निराळा प्रश्न.

शरीर पुन्हा उभारण्याच्या बाबतीत सर्वांत बोलके चरित्र आहे ते सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर यांचे. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स दलातील हा जवान उत्तम मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबई येथील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार घेत असताना त्यांनी व्यायाम म्हणून पोहण्यास आरंभ केला. कण्याला इजा झालेल्या व्यक्तीच्या शरीराचा मोठा भाग हालचालीविना राहतो, त्याची ऊर्जेची गरज झपाट्याने घटते आणि वजन वाढल्यास खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जाणेसुद्धा परस्वाधीन होते. अशा अवस्थेत पाण्याने त्यांना ती मोकळीक दिली, जी जमीन देऊ शकत नव्हती. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरा येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक क्रीडास्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल अंतर ३७.३३१ सेकंदांत कापून भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री किताब त्यांना मिळाला तो २०१८ मध्ये. एवढ्या विलंबाबद्दल काय म्हणावे? २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच समजले.

ज्या स्पर्धांत श्री. पेटकरांनी नाव कमावले, त्यांचा उगमही रुग्णालयातच झालेला आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. अशा रुग्णांना अंथरुणावर पडून राहू द्यावे, असा तेव्हाचा रिवाज होता. डॉ. गुटमान यांनी तो मोडला आणि रुग्णांच्या हाती चेंडू व धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा अपंग सैनिकांची, स्त्रियांसह, धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजचे पॅरालिंपिक म्हणजे त्या रोपट्याचा वृक्ष होय.

पाण्यातील व्यायामाचे तत्त्व साधे आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर शरीराचा जवळजवळ निम्माच भार येतो, आणि छातीइतक्या पाण्यात तो तृतीयांशाच्या आसपास उतरतो. जमिनीवर ज्याला पाय टेकवत नाही, तो पाण्यात चालू शकतो. या भागातील मुले विहिरीतच पोहायला शिकतात, त्यामुळे पाण्याची भीती नसते. परंतु जखम पूर्ण सुकून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पाण्यात उतरू नये, आणि कठड्यावरून उडी मारण्याची जुनी सवय तर मुळीच आठवू नये. पायऱ्या असलेला, तळ लागणारा तलाव आणि सोबत कोणीतरी, हे पथ्य पाळणे इष्ट.

तालमीतील व्यायाम आणि रुग्णालयातील व्यायाम यांत विरोध आहे, असा काहींचा समज असतो. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ तत्त्व एकच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, शिकागो येथील लष्करी रुग्णालयातील डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना हलक्या व्यायामाऐवजी क्रमाने वाढत जाणारे वजन उचलावयास लावले. पुढे त्यांनी पद्धत निश्चित केली ती अशी: दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढे वजन शोधावे, त्याच्या निम्म्या वजनाने दहा वेळा, पाऊणपट वजनाने दहा वेळा आणि अखेरीस पूर्ण वजनाने दहा वेळा व्यायाम करावा, वजन सोपे वाटू लागले की ते वाढवावे. नवख्या पठ्ठ्याला पहिल्या दिवशी पाचशे बैठका न सांगता पंचवीसांपासून चढवत नेणारा वस्ताद दुसरे काय करतो? फरक एवढाच की दुखापतीनंतर शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि कालपर्यंत हजार बैठका मारणाऱ्या मल्लाला हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. त्याचे मन जुन्या आकड्यावर अडलेले असते.

आरंभ प्लास्टरमध्ये असतानाच करता येतो. सांधा न हलवता मांडीचा स्नायू आवळून काही सेकंद धरणे आणि सोडणे, पायाची बोटे हलवत राहणे, दीर्घ श्वसन, आणि निरोगी हातापायांचा नियमित व्यायाम, एवढे सर्वांनाच, डॉक्टरांची हरकत नसल्यास, शक्य असते. निरोगी पायाला दिलेल्या व्यायामाचा काही लाभ मज्जासंस्थेमार्फत दुखऱ्या पायाच्या बळालाही होतो, हे आता सिद्ध झालेले आहे. मात्र पोटरी अचानक सुजणे, दुखणे, दम लागणे किंवा छातीत कळ येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तात्काळ रुग्णालय गाठावे. ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. त्याचप्रमाणे हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्यांची पट्टी बांधून घेतल्यावर बोटे निळी पडली, थंड झाली किंवा बधिर झाली, तर पट्टी त्याच घटकेस सोडवावी. मुरगळलेल्या घोट्याला जाणत्या हाताचे चोळणे सुखावह वाटते हे खरे. परंतु मोडलेल्या हाडावर आवळून बांधलेल्या पट्टीपायी हात किंवा पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

गुडघ्यातील अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झालेल्या मल्लाने पुन्हा मातीत केव्हा उतरावे, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न. चार-पाच महिन्यांत वेदना थांबते, सूज उतरते आणि मल्लाला वाटते की आपण बरे झालो. परंतु नव्याने बसवलेला अस्थिबंध तेव्हा पुरेसा पक्का झालेला नसतो. नॉर्वेतील खेळाडूंच्या एका अभ्यासात असे दिसले की नऊ महिने पूर्ण होईपर्यंत पुनरागमन जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटतो. कालावधीबरोबरच बळही पाहावे लागते. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाल्याशिवाय लढत घेऊ नये, असा दंडक तज्ज्ञ सांगतात. यात्रेचे मैदान जवळ आले, इनामाची रक्कम जाहीर झाली, मित्रांनी गळ घातली, म्हणून पाचव्या महिन्यात लंगोट चढवणारा मल्ल एका लढतीसाठी सारी कारकीर्द पणाला लावतो. अशा वेळी नकार द्यावयाचा तो वस्तादांनी. पठ्ठ्याला स्वतःहून नाही म्हणणे जड जाते, आणि वस्तादांचा शब्द तालमीत अंतिम असतो.

वजन उतरविण्याच्या घाईबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून धावणे, वाफेच्या खोलीत बसणे हे प्रकार कुस्तीत सर्रास चालतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रयत्नांत मृत्युमुखी पडले आणि तेथील नियम बदलावे लागले. हरियाणाच्या विनेश फोगट यांचे उदाहरण ताजे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढतीतच त्यांचा गुडघा निकामी झाला. त्यातून सावरून त्यांनी २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षाच्या आत त्या ५० किलो गटात पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. रात्रभर प्रयत्न करूनही अंतिम लढतीच्या सकाळी वजन शंभर ग्रॅमने जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. शंभर ग्रॅमची हळहळ देशाने केली. परंतु जे वजन एका रात्रीत उतरते ते पाणी असते, चरबी नव्हे, हेही त्या निमित्ताने समजून घेण्यासारखे आहे. दुखापतीतून उठणाऱ्या माणसाने तर पाणी तोडण्याचा विचारही करू नये.

चालणे पूर्ववत झाल्यावर येळ्ळूरकरांना राजहंसगडाची वाट आहेच. चढण हा मांडीच्या स्नायूंना आणि हृदयाला उत्तम व्यायाम, आणि त्यासाठी खर्च काहीच नाही. चढताना दम लागतो म्हणून माणूस सावध असतो, पण गुडघ्यावर अधिक ताण येतो तो उतरताना. त्यामुळे पहिले काही आठवडे अर्ध्या चढणीवरूनच परतावे, उतरताना काठी हाती ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजल्यास पुढील फेरी लांबणीवर टाकावी.

बेळगाव येथील जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची सोय आहे. तेथे जाताना शस्त्रक्रियेचा अहवाल, जुनी व नवी क्ष-किरण चित्रे, चालू औषधांची चिठ्ठी आणि वजन व घेर टिपलेली वही सोबत न्यावी. तालमीत जाणाऱ्या रुग्णाने शक्य असल्यास वस्तादांनाही बरोबर न्यावे, म्हणजे कोणता व्यायाम केव्हा सुरू करावयाचा हे त्यांनाही प्रत्यक्ष ऐकता येईल.